तिकडच्या बाई

बाईंनी मला नोकरी दिली ती मी खुर्ची न ओढता उचलून ठेवली म्हणून. हे मला वर्षभराने कळलं. इंटिरियरचा डिप्लोमा नुकताच झाला होता. बोरिवलीच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेली माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. दिंडोशीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता. मी पोचले तेव्हा बाई गाळ्याच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. पन्नाशीच्या पुढचं वय, आखूड कापलेले पांढरे केस, खादीचा सदरा आणि पायात रबरी स्लिपर.

"आतली दुसरी खुर्ची आण आणि इथे बस," म्हणाल्या.

मी बसले. अर्धा तास आम्ही दोघी दारात बसून होतो. बाई शेंगा सोलत राहिल्या. शेंगा संपल्यावर विचारलं, "काय काय दिसलं?"

मी म्हटलं, "टेम्पो आला, खोकी उतरली. आणि शेवटच्या गाळ्यातला माणूस फोनवर बोलत होता. तो बोलता बोलता सावलीबरोबर सरकत होता."

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. "आणि मला मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हटलं की कुणीतरी हप्त्यावर मिक्सर विकायला आलंय असं वाटतं."

तेव्हापासून त्या माझ्या बाई झाल्या. मी त्यांच्याकडे चार वर्षं काढली.

बाईंचं काम काय होतं हे घरी समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. त्या हॉटेलांच्या लॉबीत, कॅफेत, मोठ्या दुकानांत एखादा कोपरा किंवा अख्खा दिवाणखाना असा उभा करायच्या, की आत पाऊल टाकणाऱ्याला आपण अंधेरीतून उठून भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्यातरी गल्लीत आलो असं वाटावं. तरुणपणी एका शिष्यवृत्तीवर त्या वर्षभर दक्षिण इटलीतल्या एका गावात कुंभारकाम शिकायला राहिल्या होत्या. त्या वर्षावर त्यांचं सगळं दुकान चाललं होतं.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तेच हवं असायचं. पांढरी भिंत, निळं दार आणि वरून सोडलेली प्लॅस्टिकची बोगनवेल. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "सावली कुठाय?"

"सावली म्हणजे?"

"तिकडे माणसं निळा रंग बघायला जगत नाहीत. उन्हातून सावलीत यायला जगतात. तुमच्या जागेत सावली कुठे पडते ते आधी मला बघू दे."

मग त्या आपली वेताची खुर्ची रिकाम्या साइटवर नेऊन ठेवायच्या आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत बसून राहायच्या. मेजरिंग टेप दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त ऊन कुठून कुठे जातं ते बघायचं आणि जमिनीवर खडूने खुणा करायच्या. बिल्डरची माणसं मला बाजूला घेऊन विचारायची, "तुमच्या मॅडम बऱ्या आहेत ना?"

दुपारी एक वाजता डबा. डबा झाला की त्या सिमेंटच्या गोणींवर ओढणी पसरून वीस मिनिटं गाढ झोपायच्या. शेजारी ड्रिल चालू असो, मार्बल कापायचं मशीन चालू असो. एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब ठरलेल्या वेळेआधी आले, तर मी त्यांना बाहेर थांबवलं. ते चिडले. बाई उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिकडे दुपारी कुणी कुणाची कडी वाजवत नाही." साहेबांना वाटलं, युरोपातला काही रिवाज असेल. ते वरमले.

या 'तिकडे'ची गंमत मला सहा महिन्यांनी कळली. बाई सारखं 'तिकडे' म्हणायच्या. तिकडे बायका दारात बसून शेंगा सोलतात. तिकडे सणाच्या आधी सगळं गाव भिंती रंगवतं. तिकडे म्हातारी माणसं खुर्ची घेऊन रस्त्यावर येतात आणि अंधार पडेपर्यंत आत जात नाहीत. मी हे सगळं वहीत 'इटली' असं वर लिहून उतरवून घेत होते. एक दिवस त्या म्हणाल्या, "तिकडे पोळ्याला बैल धुवायला नदीवर नेतात, तेव्हा घाटावर अशी पायरी असते." माझं पेन थांबलं.

"बाई, इटलीत पोळा?"

"इटलीत कसला पोळा? तिकडे म्हणजे आमच्या तिकडे. जालन्याकडे."

"मग शेंगा सोलणाऱ्या बायका कुठल्या?"

बाईंनी जरा विचार केला. "दोन्हीकडच्या," म्हणाल्या.

मी वहीतलं 'इटली' खोडलं. वर फक्त 'तिकडे' असं लिहिलं.

त्यांचं कौतुक मिळवणं अवघड. 'सुंदर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. एखादी गोष्ट फारच आवडली तर "बसेल" म्हणायच्या. मातीची कौलं निवडताना प्रत्येक कौल कानाशी धरून बोटाने वाजवायच्या. पुरवठादार वैतागायचा. "बाई, छपरावर ठेवायचंय, गायला नाही लावायचं." त्यावर बाई दुसरं कौल कानाशी धरायच्या.

अंधेरी पश्चिमेच्या एका कॅफेचं काम मला कायम आठवतं. छत फार उंच होतं आणि मालकाला तिथे झुंबर हवं होतं. बाईंनी झुंबराऐवजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि त्यावर धुणं वाळत घातलं. खरंखुरं. चादरी, टेबलक्लॉथ, लहान मुलांची झबली, एक धोतर. चादरींमधून गाळून येणारा उजेड टेबलांवर पडायचा आणि पंखा लागला की सगळी गल्ली हलायची. मालक बघून खाली बसला.

"बाई, लोक इथे कॉफी प्यायला येणार आणि वर माझ्या आजोबांसारखं धोतर?"

"तिकडे असंच असतं," बाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी मालकाच्या आई आल्या. वर बघितलं आणि वेटरला म्हणाल्या, "ती तिसरी चादर कडेला गोळा झालीय. स्टूल आण." त्यांनी स्वतः उभं राहून चादर सरळ करून घेतली. मग प्रत्येक टेबलावरची बाईमाणसं वर बघून आपापसांत बोलायला लागली, कुणाकडे धुणं कुठे वाळतं यावर. महिनाभर तिथे बसायला जागा मिळत नव्हती. धोतर मात्र मालकाने काढलंच.

आता ज्या कामामुळे बाई मला खऱ्या कळल्या, ते सांगते.

अंधेरी पूर्वेला एक नवीन हॉटेल होत होतं. मालक साधा माणूस, कष्टाने वर आलेला, बोलायला मोकळा. त्याच्या लॉबीवर काचेचं छत होतं. बाई तिथे एक दिवस बसल्या आणि ठरलं की लॉबीत एक अख्खी गल्ली करायची. दोन वळणदार भिंती, मध्ये चालायला वाट, भिंतीतच बसायचे ओटे, कोनाड्यांत मातीचे दिवे. वरून उन्हाला अडवायला जाळी. तिकडच्या बंदरांत कोळी लोक जाळी वाळत घालतात आणि तिच्या सावलीत बसतात, तशी.

जाळीसाठी आम्ही मढच्या कोळीवाड्यात गेलो. तिथल्या बायकांना बाईंनी जाड सुती दोरी दिली आणि चौकोन किती मोठे हवेत ते दाखवलं. त्यातली एक म्हातारी दोरी चाचपत म्हणाली, "बाय, याच्यान मावरा कसा गावंल?"

"मासळी नको, ऊन पकडायचंय," बाई म्हणाल्या.

म्हातारी हसली. "मग वीण दाट धराया होवी." आणि तिने आमचं माप बाजूला ठेवून स्वतःच्या मापाने विणायला घेतलं. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "बसेल."

भिंतींना चुना द्यायचा होता. रंग नाही, चुनाच. चुन्याचा पांढरा उन्हात डोळ्यांना टोचत नाही, असं बाईंचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी इटलीहून तयार चुना मागवला होता. उद्घाटनाला तीन आठवडे उरले असताना पुरवठादाराचा फोन आला. जहाज अडकलंय, माल वेळेत येत नाही.

मालक म्हणाला, "बाई, प्लॅस्टिक पेंट मारू ना. आजकाल लाइम फिनिश मिळतो. कोणाला कळणार?"

"मला कळेल."

"मग इकडचा चुना मारा. पण बघा हां, मला चुना लावू नका."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. बाई हसल्या नाहीत. त्या दुपारी त्या झोपल्या नाहीत. सिमेंटच्या गोणीवर नुसत्या बसून राहिल्या. चार वर्षांत हे एकदाच झालं. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "उद्या मानखुर्दला जायचंय. तू चल."

रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं, "माझे वडील राहतात तिथे. भावाकडे."

बाई मुलुंडला एकट्या राहायच्या एवढंच मला माहीत होतं. वडिलांचा विषय कधी निघाला नव्हता.

"चुना मारायचे ते," बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "गावात मारायचे, मग मुंबईत आलो तर इथे मारायचे. मी आर्ट कॉलेजात असताना एकदा त्यांच्या टोळीला आमच्याच कॉलेजच्या कंपाउंडचं काम मिळालं. मी मैत्रिणींबरोबर गेटातून बाहेर येत होते. अण्णा शिडीवर. त्यांनी मला बघितलं. मी बघितलं नाही असं केलं आणि पुढे गेले."

रिक्षा सिग्नलला थांबली.

"घरी गेल्यावर तेही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला सांगून मागच्या बाजूची भिंत मागून घेतली. माझ्या वाटेत येऊ नये म्हणून. मग पुढे मी तिकडे गेले. इटलीत. तिथे सणाच्या आधी डॉक्टर, मास्तर, सगळे बादल्या घेऊन रस्त्यावर. आणि एक म्हातारा रंगारी त्यांना ओरडतोय, हात नीट चालवा म्हणून. सगळे त्याचं ऐकतायत. मी त्या दिवशी जेवले नाही."

"मग त्यांना सांगितलंत?"

"काय सांगणार? इतक्या वर्षांत जीभ उचलली नाही बघ."

मानखुर्दला पाचव्या मजल्यावर अण्णा बनियन घालून खिडकीशी बसले होते. ऐंशीच्या घरातले, बारीक, ताठ. बाईंची वहिनी चहा ठेवायला आत गेली. बाई बराच वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. मग एकदम म्हणाल्या, "अण्णा, चुन्याचं काम आलंय. मला जमत नाही."

अण्णांनी बाईंकडे वळून बघितलं. "केवढी भिंत हाय?"

बाईंनी सांगितलं.

"कळीचा चुना पायजे. पुडीतला चालायचा न्हाई. दिवस किती हायेत?"

"वीस."

"मग उद्याच भिजवायला पायजे," अण्णा म्हणाले आणि उठून सदरा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी दिंडोशीच्या गाळ्यामागे अण्णांनी पत्र्याच्या पिंपात पाणी भरून त्यात चुन्याची कळी सोडली. पाणी खदखदून उकळायला लागलं, वाफेचा लोट उठला. शेजारच्या गाळ्यांतली माणसं आग लागली म्हणून धावत आली. अण्णांनी काठीने सगळ्यांना लांब उभं केलं. बाईसुद्धा पुढे वाकल्या तर त्यांना म्हणाले, "मागं हो. डोळं जातील." बाई झटकन मागे झाल्या. मोठमोठ्या बिल्डरांना न जुमानणाऱ्या आमच्या बाई.

पुढचे दोन आठवडे अण्णा रोज यायचे. पिंपावरचं झाकण काढून बघायचे, काठीने ढवळायचे आणि बाकी वेळ दारातल्या खुर्चीवर बसायचे. त्यांना एकच उत्सुकता होती.

"तिकडं चुन्यात काय घालतेत गं?"

"मीठ घालतात अण्णा. आणि चिमूटभर नीळ. पांढरा उठून दिसावा म्हणून."

"मग आपलंच हाय की," अण्णा म्हणाले. त्यांची जरा निराशा झाल्यासारखी वाटली. इतक्या लांबच्या लोकांनी काहीतरी वेगळं शोधलं असेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

कामाच्या दिवशी सकाळी अण्णा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आपला कुंचा घेऊन हॉटेलवर आले. काचेच्या दारापाशी थांबले.

"आत मारायचाय का भायेर?"

"आत, अण्णा."

अण्णा तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, "गावाला आमी भायेरून मारायचो. वाडा असू दे न्हाईतर देऊळ. आतून त्यांची मानसं मारायची." अगदी सहज, कामातली एखादी माहिती सांगावी तसं म्हणाले. मग वाकून चपला काढायला लागले.

"चपला राहू द्या," बाई म्हणाल्या. "चुना सांडतो, पाय भाजतील." त्यांनी अण्णांच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः आत चालू लागल्या. अण्णा चपलांनिशी त्या गुळगुळीत फरशीवरून त्यांच्या मागे गेले.

अण्णांनी आधी भिंत पाण्याने भिजवून घेतली. मग कुंचा चालवायला सुरुवात केली. ऐंशीच्या माणसाचा हात, पण एक थेंब जास्त नाही, एक ओघळ नाही. उंचावरचं काम आमच्या माणसांनी केलं, अण्णा खालून सांगत होते. बाई बादली धरून त्यांच्याबरोबर भिंतीकडेने सरकत होत्या. दिवसभर बादली त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

अकराच्या सुमाराला मालक आला. थोडा वेळ बघत राहिला आणि बाईंना म्हणाला, "हे नवीन मिस्त्री कुठून आणले? हात झकास आहे."

लॉबीत सुतार होते, वायरमन होते, रिसेप्शनच्या मुली प्रॅक्टिस करत उभ्या होत्या. बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझे वडील आहेत. हे काम मी यांच्याकडून घरीच शिकायला हवं होतं. शिकले नाही. यांना शिडीवर बघून तोंड फिरवून गेले होते मी."

अण्णांची पाठ आमच्याकडे होती. कुंचा भिंतीवर थांबला. मालकाने हात जोडले. तो म्हणाला, "नमस्कार बाबा."

"नमस्कार," अण्णा भिंतीला म्हणाले. मग न वळताच, "बादली पुढं घे गं," आणि कुंचा पुन्हा चालू झाला. बाईंनी बादली पुढे घेतली. एका हाताने डोळे पुसले आणि चुना नाकाला लागला.

एक वाजता पहिला हात पुरा झाला. मालक परत आला आणि त्याचा चेहरा उतरला. भिंती ओल्या सिमेंटसारख्या करड्या, डागाळलेल्या दिसत होत्या. कुठे गडद, कुठे फिकट.

"बाई, वाट लागली ना. हे पांढरं कुठे आहे? चार दिवसांत माणसं येणार."

बाई काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "बसा."

"अहो बाबा, पण..."

"बसा हो. चुना वाळताना पांढरा होतो. वला असताना त्याचं काय दिसत न्हाई."

मालक ओट्याच्या कडेला बसला. अण्णा बसले, बाई बसल्या, मी बसले. डबे उघडले. मालकाने आमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खाल्ली. त्याचा फोन दोनदा वाजला, त्याने बघून परत खिशात ठेवला. छतातून ऊन उतरत होतं आणि मढच्या जाळीचे चौकोन भिंतीवर पडले होते.

आधी वरच्या कडेला, जिथे ऊन सगळ्यात आधी पोचलं होतं, तिथे एक रेघ फिकी झाली. मग ती रुंद झाली. डाग एकमेकांत मिसळले. करडा रंग खाली खाली सरकत गेला आणि त्याच्यामागून पांढरा येत गेला. टोचणारा पांढरा नव्हे. दुधाची साय असते ना, तसा, आणि सावलीच्या बाजूला बारीकशी निळसर झाक. सुतारांनी हातातलं काम ठेवलं. रिसेप्शनच्या मुली पुढे येऊन ओट्यावर बसल्या. चार वाजेपर्यंत आम्ही सगळे भिंत बघत होतो आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मालक उठला, भिंतीजवळ गेला, हात लावायला निघाला आणि थांबला. "झालं हे," म्हणाला. "एकदम झालं."

"कुठं झालं?" अण्णा म्हणाले. "हा आडवा हात. आता उभा मारायचा." त्यांनी कुंचा पाण्यातून काढला, झटकला आणि स्वतः न घेता बाईंच्या पुढे धरला. "मी दमलो. तू मार."

बाईंनी कुंचा घेतला. डिझाइनच्या वर्तुळात ज्यांचं नाव घेतलं जायचं त्या बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्याच फटक्यात कोपरापर्यंत ओघळ आला.

"खांद्यातून मार. मनगट कशाला हलवतीस?"

"हो अण्णा."

"वरून खाली. मधी थांबू नको. बघ, थांबलीस."

"हो अण्णा."

"कॉलेजात काय शिकवलं गं तुला?"

सुतार हसायला लागले, मालक हसायला लागला. अण्णांचा ओरडा खात, केसांत चुना, सदऱ्यावर चुना, बाई पुन्हा भिंतीच्या वरच्या टोकाकडे हात नेत होत्या. मी त्यांना इतकं खूश त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.